मोजून सात

फॉर्मवर आमच्यासाठी एकच रकाना असतो,
पोस्टाच्या तिकिटाएवढा.
दरवर्षी एक डिसेंबरला तो मी भरते,
कारण टपाल माझ्याकडे, बोटीची किल्ली माझ्याकडे,
आणि या फ्योर्डमध्ये अक्षर बरं तेही माझंच.

आमच्या भाषेत लोकसंख्येला म्हणतात मान्फ्योल्दी.
गर्दीलाही तेच म्हणतात.
म्हणजे राजधानीतल्या कचेरीला मी दरवर्षी कळवते की
हेस्टाविकला यंदा गर्दी: सात.
कचेरीत कुणी हसत नसावं.

कॉड माशांसाठी वेगळा शब्द आहे, स्तोप्न.
त्याचा मूळ अर्थ झाडाचा बुंधा.
आमच्याकडे झाड एकच, शाळेमागचं,
माझ्या खांद्याला लागतं.
तरी मासे, कोल्हे, आयडर बदकं
सगळी बुंध्यानं मोजायची,
खाली मुळं असल्यासारखी.
माणसं तेवढी गर्दीनं.

सात म्हणजे कोण ते सांगते.
मी, हाल्वेइग.
माझा नवरा ओर्न्युल्फुर, तो जेवणापुरता धरायचा, एरवी समुद्रात.
स्नायलाउग आणि तिची दोन पोरं,
शाळा बंद झाल्यापासून ती बदकांना पाढे शिकवतात.
मेंढ्यांच्या कातरणीला पोलंडहून आलेला झ्जिस्वाफ,
परत जायचं राहून गेलेला.
आणि आस्ग्रीमुर, वय ब्याण्णव.

मंत्रालयाचं पत्र आलं सप्टेंबरात.
लोकसंख्या सातच्या खाली गेली तर
बोट आठवड्यातून दोनदा नाही, एकदाच.
मी ते मोठ्यानं वाचलं.
सगळे आस्ग्रीमुरकडे न बघण्याची खटपट करत होते.
तो म्हणाला, "बघा की."

ऑक्टोबरात त्यानं अंथरूण धरलं.
डॉक्टरनं छाती तपासली,
आणि माझ्याशी बोलला बाहेर, बुटांच्या कपाटाजवळ,
महिन्यांत नाही, आठवड्यांत.
आस्ग्रीमुरनं औषध मागितलं नाही. कॅलेंडर मागितलं.
रोज वर्तमानपत्र द्यायला गेले की,
"किती तारीख?"
"एकोणीस."
"कसली?"
"नोव्हेंबरची."
"लंगडतोय नोव्हेंबर," म्हणायचा,
एखाद्या मेंढीची तक्रार करावी तसा.

पंचवीसला जेवण सुटलं.
अठ्ठावीसला बोलणं.
तीसची रात्र झ्जिस्वाफनं उशाशी बसून काढली,
पोलिशमध्ये हळू हळू काहीतरी म्हणत.
प्रार्थना असेल असं वाटलं मला.
नंतर कळलं, मेंढ्या मोजत होता,
ह्याला झोप लागू नये म्हणून
उलट्या क्रमानं.

एक तारखेला फॉर्म त्याच्या खाटेवरच भरला.
सात लिहिला, त्याला दिसेल असा.
दांडीवरची आडवी रेघ राहिली होती माझी.
त्यानं ती बोटानं हवेत दिली.

चारला गेला.

मातीला सहा बोटी आल्या.
नातवंडं, पणतवंडं, त्याच्याबरोबर हेरिंग धरलेले,
ज्यांचे पैसे त्यानं बुडवले तेसुद्धा.
ऐंशीच्या वर माणूस, चर्चचं दार लागेना.
कप संपले, मग वाट्या,
मग मुरंब्याच्या बरण्यांतून कॉफी दिली.
त्या दुपारी शब्द आम्हाला मापाचा झाला.
पण मोजणीचा दिवस होऊन गेला होता,
आणि तीनलाच अंधारतं इथं.
बोटी लवकर निघाल्या.

आता मार्च.
बोट दोनदा येते.
आस्ग्रीमुरचं वर्तमानपत्रही येतं,
वर्गणी डिसेंबरपर्यंतची भरलेली.
मी ते त्याच्या दारात ठेवते, वर दगड.

परवा एक बाई आली, कोल्हे मोजायला.
धक्क्यावर पाय ठेवता ठेवताच तिनं विचारलं,
"किती आहेत इथं?"
"कोल्हे?"
"नाही, तुम्ही."
"सात," मी म्हटलं.
स्नायलाउगचा धाकटा बोटं उघडत गेला,
सहाव्यावर अडला,
वर, बंद खिडकीकडे, बघितलं त्यानं,
आणि सातवं उघडलं.
बाईनं लिहून घेतलं,
कोल्ह्यांच्याच वहीत.